रोज बोलूनही मन हलकं का होत नाही?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी मुलगी १६ वर्षांची आहे. तिची लहानपणापासूनची एक जिवाभावाची मैत्रीण आहे. वर्षभरापूर्वी वर्गातल्या चारपाच जणींच्या गटाने या दोघींना हळूहळू बाजूला टाकलं. तेव्हापासून दोघी रोज रात्री फोनवर बोलतात. त्या मुली आज काय म्हणाल्या, तसं का म्हणाल्या, कुणी मेसेज वाचूनही उत्तर दिलं नाही, परीक्षेत काय होईल, मैत्रिणीच्या आईवडिलांची भांडणं कुठवर जातील. मध्यरात्र उलटली तरी बोलणं संपत नाही. ‘फोन ठेवला की ती झोपते आणि मी छताकडे बघत पडते,’ असं ती लिहिते. सकाळी शाळेत जाताना तिच्या पोटात गोळा येतो, कधी मळमळतं. शाळेच्या वादविवाद संघात तिची निवड झाली, पण मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून तिने ते अजून सांगितलेलं नाही. आई म्हणते, ‘किती तेच तेच उगाळता! फोनच काढून घेईन.’ तिला विचारायचं आहे ते असं: मनातलं बोला म्हणतात, मी तर रोज बोलते, तरी भीती का वाढतेय? माझ्यातच काही खोट आहे का? आणि तिच्याशी बोलणं कमी केलं तर मी स्वार्थी ठरेन का?

तुझ्यात खोट नाही. हे आधी सांगते, कारण पत्रभर तोच प्रश्न तुला टोचत असल्याचं दिसतं. ज्या बोलण्याने तुमची मैत्री इतकी घट्ट झाली, त्याच बोलण्याने तुझी चिंताही वाढते आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलींच्या बाबतीत ते तसं असतं.

अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिसरी ते नववीच्या वर्गांतल्या ६०८ मुलामुलींकडून त्यांनी जाणून घेतलं, की जवळच्या मित्रमैत्रिणीशी तुम्ही अडचणींबद्दल कसं बोलता. त्यातल्या एका प्रकारच्या बोलण्याला त्यांनी ‘को-रुमिनेशन’ असं नाव दिलं. दोघांनी मिळून एकच अडचण पुन्हा पुन्हा चघळायची, जे कळलेलं नाही त्यावर तर्क लढवत बसायचं, किती वाईट वाटतंय त्यातच रेंगाळायचं, आणि विषय संपत आला की एकमेकांनीच तो पुन्हा उकरायचा. असं बोलणाऱ्या मुलांची मैत्री इतरांपेक्षा जवळची निघाली. त्यांच्यात चिंता आणि उदासीही जास्त निघाली. मुलींमध्ये असं बोलणं मुलांपेक्षा अधिक होतं, विशेषतः किशोरवयात.

तू म्हणशील, ज्यांना आधीच चिंता आहे त्याच मुली असं बोलत असतील. रोझ यांनाही तो प्रश्न पडला. म्हणून २००७ च्या अभ्यासात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१३ मुलामुलींची सहा महिन्यांच्या अंतराने पुन्हा पाहणी केली. सुरुवातीला असं बोलणाऱ्या मुलींची मैत्री सहा महिन्यांत आणखी घट्ट झालेली दिसली आणि चिंताही वाढलेली दिसली. मुलग्यांच्या बाबतीत मैत्री वाढली, चिंता वाढलेली दिसली नाही. उलटा धागाही सापडला: ज्यांना आधी चिंता जास्त होती, ती मुलं पुढे असं बोलूही जास्त लागली. तू घाबरतेस म्हणून फोन लावतेस आणि फोन ठेवताना आणखी घाबरलेली असतेस, ते हेच. हे सगळं शेकडो मुलांच्या सरासरीतून दिसलेलं आहे, त्यामुळे प्रत्येकीचं असंच होतं असं कुणी म्हणू नये. पण तुझं पत्र वाचताना तुझ्या बाबतीत हेच होत असावं असं मला वाटलं.

आता तुझा पहिला प्रश्न. मनातलं बोललं की हलकं वाटतं, हे तू मनाशी पक्कं धरलं आहेस, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. सगळे तेच सांगतात, मीही या सदरात सांगत आले आहे. फक्त ते अर्धंच सांगितलं जातं. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार रिमे यांनी माणसं आपल्या भावना दुसऱ्याला का आणि कशा सांगतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. सांगितल्याने आपल्याला बरं वाटलं असं बहुतेकांना वाटतं, जवळीकही वाढते. पण नुसतं सांगितल्याने त्या घटनेचा मनातला त्रास ओसरतोच असं नाही, असं त्यांना दिसलं. ऐकणाऱ्याने धीर तर द्यावा लागतोच, पण कधीतरी त्या घटनेकडे वेगळ्या बाजूने बघायलाही मदत करावी लागते. तुम्ही दोघी पहिलं काम मनापासून करता. दुसरं करण्याची वेळच तुमच्या बोलण्यात येत नाही.

मेसेजचीच गोष्ट घे. त्या मुलीने मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही, तू दुखावलीस, मैत्रिणीला सांगितलंस, तिने ऐकून घेतलं. इथपर्यंतचं बोलणं उत्तम आहे, ते कधी सोडू नकोस. त्यानंतर सुरू होतं ते ‘पण तिने तसं का केलं असेल?’ याचं उत्तर तुमच्या दोघींपैकी कुणाकडेच नाही. मग अंदाज. तिला राग आला असेल. कुणीतरी तिचे कान भरले असतील. उद्या त्या सगळ्या मिळून काहीतरी करतील. एकटीच विचार करत बसली असतीस तर मधेच ‘कदाचित मीच जास्त विचार करतेय’ अशी एक शंका तरी आली असती. दोघी असताना ती शंका टिकत नाही, कारण पलीकडून आवाज येतो, ‘हो ना, मलाही तसंच वाटलं.’ एका घाबरलेल्या मुलीचा अंदाज दुसऱ्या घाबरलेल्या मुलीने खरा मानला, की सकाळपर्यंत ती बातमी होते. ती बातमी मनात घेऊन तू वर्गात शिरतेस. तिथे कुणी सहज हसलं तरी तुला पुरावा मिळतो.

माझ्या मते तुमच्या बोलण्यातला सगळ्यात घातक भाग हाच आहे. रडणं, चिडणं, ‘मला अजिबात बरं वाटत नाहीये’ म्हणणं यात घातक काही नाही.

शरीरालाही हे जाणवतं. २००८ मध्ये तरुण मैत्रिणींच्या जोड्यांना प्रयोगशाळेत आपल्या अडचणींबद्दल बोलायला सांगून त्यांची लाळ तपासली गेली. नकारात्मक भावनांवर जास्त रेंगाळणाऱ्यांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. झोपण्याआधीचा वेळ रोज अशा बोलण्यात गेला तर झोप न येणं साहजिक आहे. आणि मैत्रीण झोपते, तू का नाही? तिने तिचं ओझं तुझ्याकडे दिलेलं असतं आणि ते कुणाकडे द्यायचं हे तुला माहीत नसतं. एका मैत्रिणीचं मानसिक दुखणं दुसरीत कसं उतरतं याचा अभ्यास रेबेका श्वार्ट्झ-मेट आणि रोझ यांनी २०१२ मध्ये मांडला. ते उतरण्याची एक वाट अशा बोलण्यातूनच जाते, असं त्यात दिसलं. म्हणून ‘ती तर ठीक आहे, मीच कमजोर’ असा हिशेब मांडू नकोस.

कदाचित तुझ्या मनात येईल, की आमच्या अडचणीच तेवढ्या मोठ्या आहेत, मग बोलणार नाही तर काय करणार? १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. त्याच्या काही दिवस आधीच सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची पाहणी करून ठेवली होती, उदास वाटलं की तुम्ही काय करता अशी. भूकंप सगळ्यांनीच अनुभवला. पण आपल्या दुःखाभोवती मनात घिरट्या घालत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर उदासीची लक्षणं जास्त दिसली, आणि ती काही आठवड्यांनीही दिसत होती. संकटाचा आकार आपल्या हातात नसतो. त्याभोवती किती वेळ फिरायचं, ते शिकता येतं.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. वादविवाद संघात निवड झाल्याचं तू तिला सांगितलं नाहीस. तू तिच्या काळजीपोटी गप्प बसलीस, हे मला कळतं. पण यातून तुमच्या मैत्रीत न ठरवता एक नियम तयार झाला आहे: आपल्यात दुःखच बोलायचं. तिच्याकडेही अशा काही चांगल्या गोष्टी असतील, ज्या ती तुझ्यापासून लपवत असेल. एकमेकींना फक्त अडचणीच सांगायच्या असतील तर जवळ राहण्यासाठी रोज एक अडचण लागते, आणि मन ती शोधून काढतं. खोटी नव्हे, खरीच. पण एरवी जिच्याकडे दुर्लक्ष झालं असतं अशी. तुमची मैत्री या वर्षाआधी कितीतरी वर्षं होती. तेव्हा तुम्ही कशावर हसत होतात ते आठव.

बोलणं तोडणं हा मार्ग मला मान्य नाही. गटाने टाकलेल्या मुलीला आता मैत्रिणीनेही टाकायचं, हे तिच्यासाठी क्रूर आहे, आणि तुझ्यासाठीही, कारण तुझा हा एकच भक्कम आधार आहे. आईने फोन काढून घेणं मला पटत नाही. त्याने बोलणं थांबेल, विचार थांबणार नाहीत, आणि पुढच्या वेळी खरंच काही गंभीर घडलं तर तू आईपासून लपवशील. हे वाचणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते: मुलीच्या मैत्रीवर घाव घालू नका. रात्री ठरावीक वेळेनंतर घरातल्या सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचे, असा नियम करता येईल. त्यात मुलीला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही.

उरतं ते बोलण्याची पद्धत बदलणं. हे एकटीने गुपचूप करू नकोस. तू अचानक कमी बोलू लागलीस तर ती तुझ्या गप्पपणावरही अंदाज बांधेल, आणि या वेळी तिला ‘हो ना’ म्हणायला तूही नसशील. दिवसा, समोरासमोर, ती त्यातल्या त्यात बरी असताना सांग. शब्द तुझे असू देत, पण साधारण असं: ‘मला तुझ्याशी बोलायचं असतंच. पण रात्री उशिरा आपण तेच तेच बोलतो आणि नंतर मला झोप लागत नाही, सकाळी पोटात दुखतं. मला वाटतं आपण एकमेकींना जास्त घाबरवतोय. आपण दोघी मिळून हे थोडं बदलूया का?’ ‘तू मला त्रास देतेस’ असं म्हणू नकोस, कारण ते खरंही नाही. ती रुसली, तर रुसू दे. दुसऱ्या दिवशी तूच आपणहून फोन कर, संध्याकाळी, आणि त्या दिवशी संघाची बातमी सांग. तू दूर जात नाहीस हे तिला वागण्यातून कळलं पाहिजे.

काय बदलायचं? वेळ बदलणं सगळ्यात सोपं आहे, म्हणून तिथून सुरुवात कर. अडचणींचं बोलणं संध्याकाळी, अंथरुणावर पडायच्या बरंच आधी, अर्ध्या तासात. काळजीसाठी दिवसातली ठरावीक वेळ राखून ठेवायची आणि एरवी मनात आलेली काळजी त्या वेळेवर ढकलायची, ही पद्धत थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अभ्यासली होती. चिंतेवरच्या उपचारांत ती आजही वापरली जाते. रात्री काही आठवलं तर वहीत एका ओळीत लिहून ठेव आणि उद्याच्या वेळेला वही उघड. बऱ्याच ओळी दुसऱ्या संध्याकाळी वाचताना किरकोळ वाटतात, हे तुझं तुलाच दिसेल. ज्या वाटणार नाहीत, त्यांच्यावर बोलायलाच हवं.

त्या अर्ध्या तासात पहिला भाग ऐकण्याचा. मधे न तोडता, उपाय न सुचवता. मग एक प्रश्न एकमेकींना विचारायचा: ‘यातलं आपल्याला नक्की माहीत काय आहे?’ मेसेज वाचला, उत्तर आलं नाही, एवढंच माहीत आहे. बाकीचे अंदाज आहेत हे मोठ्याने म्हणायचं. हे सुरुवातीला फार कृत्रिम वाटेल, तरी करा. मैत्रिणीला ‘तुला आत्ता मी फक्त ऐकू, की आपण काही मार्ग शोधूया?’ असंही विचारता येतं, म्हणजे ती रडत असताना तू तिला तर्क शिकवत बसणार नाहीस. तोच विषय कालही बोलून झाला असेल आणि त्यात नवं काही घडलं नसेल, तर दोघींपैकी जिला आधी लक्षात येईल तिने तसं म्हणायचं. स्क्रीनशॉट पाठवणं मात्र पूर्ण थांबवा. ते पुन्हा पुन्हा उघडले जातात आणि दर वेळी जखम ताजी होते.

मग अडचणी वेगळ्या कर, कारण तुम्ही त्या सगळ्या एकाच टोपलीत टाकता. परीक्षेच्या भीतीवर करण्यासारखं काही असतं: कुठला धडा कळला नाही ते ठरवणं, शिक्षकांना विचारणं, त्या फोनच्या वेळेतली वीस मिनिटं एकत्र अभ्यास करणं. गटातल्या मुलींबाबत एकच सरळ प्रश्न विचारता येतो, त्यांच्यातल्या जिच्याशी तुझं जरा बरं जमायचं तिला, एकटीला गाठून: ‘माझं काही चुकलं का?’ उत्तर आवडेल असं नाही, पण ते खरं असेल. विचारायचं धाडस नसेल, किंवा त्या खरोखरच छळत असतील, तर ते तुम्ही दोघींनी सोसायचं काम नाही. शाळेतल्या ज्या शिक्षकांवर तुझा विश्वास आहे त्यांच्यापर्यंत गेलं पाहिजे. आणि गटाबाहेर वर्गात आणखी मुलं आहेत. वादविवाद संघ हे त्यासाठी चांगलं दार आहे, ते वापर.

मैत्रिणीच्या आईवडिलांची भांडणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती सोडवणं १६ वर्षांच्या दोन मुलींच्या हातात नाही. तू रात्रभर जागलीस तरी तिच्या घरातलं भांडण मिटणार नाही. इथे तू तिचं ऐकू शकतेस, तिला आपल्या घरी बोलावू शकतेस, आणि ‘हे तुझ्या एखाद्या मावशीला, आजीला, शाळेतल्या समुपदेशकांना सांगूया, मी बरोबर येते’ असं म्हणू शकतेस. घरात मारहाण होत असेल तर तुझ्या आईला लगेच सांग.

इथे तुझ्यासारख्या इतरांसाठीही एक गोष्ट. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण ज्या कुणाला मैत्रीण किंवा मित्र ‘मला जगायचं नाही’, ‘मी नसलेलंच बरं’ असं सांगत असेल, स्वतःला इजा करत असेल, आणि वर ‘कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे’ म्हणत असेल, त्यांनी ती शपथ मोडावी. त्याच दिवशी, विश्वासू मोठ्या माणसाला सांगून. मैत्रीण रागावेल. रागावलेल्या मैत्रिणीची समजूत नंतर काढता येते.

मुलग्यांनी हे वाचून ‘म्हणजे न बोलणंच बरं’ असा अर्थ काढू नये. अडचणींबद्दल बोलण्याविषयी मुलांना काय वाटतं, याचाही रोझ यांनी अभ्यास केला आहे. तसं बोलताना आपल्याला विचित्र वाटेल, वेळ फुकट जाईल, असं मुलींपेक्षा मुलांना जास्त वाटत होतं. कधीच काही न सांगणाऱ्या मुलाला मी आधी बोलायलाच सांगेन, आणि तेही भरपूर.

शेवटी तुझ्या पोटातल्या गोळ्याबद्दल. वर सांगितलेले बदल तीनचार आठवडे करून बघ. तरीही झोप येत नसेल, सकाळी मळमळत असेल, शाळा बुडवावीशी वाटत असेल किंवा बुडवत असशील, तर वाट बघत बसू नकोस. शाळा बुडवणं सुरू झालं असेल तर आजच सांग, कारण भीती वाटते ती जागा टाळत गेलं की भीती वाढतेच. आईला हे पत्र दाखव, हवं तर हे उत्तरही. ती उगाळण्यावर चिडते, पण तुला रात्री झोप लागत नाही हे तिला माहीत आहे, असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ तुला वेडी ठरवायला बसलेले नसतात. मुलांच्या चिंतेवर बोधात्मक वर्तन उपचार, ज्याला सीबीटी म्हणतात, हा चांगला तपासलेला उपचार आहे. मनातले अंदाज तपासायचे कसे, टाळलेल्या गोष्टींकडे थोडं थोडं परत जायचं कसं, हे त्यात पायरीपायरीने शिकवतात. तपासणीला जाताना दोन गोष्टी लिहून ने: गेल्या आठवड्यात रोज किती वाजता झोप लागली, आणि कोणत्या दिवशी सकाळी पोट दुखलं. पहिल्या भेटीत हे विचारलं जातंच, आणि घाबरलेलं असताना नेमकं तेच आठवत नाही.